दोन लाख किलोमीटर पळालेली बोलेरो घेताना

गेल्या दिवाळीनंतर मेहुणा घरी आला आणि चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच म्हणाला, "दाजी, पाच लाख जमलंत. मोठी गाडी घ्यायचीय. पर दीड लाखाच्या वर पळालेली नको." पाटण तालुक्यात त्याचं दूध संकलन केंद्र आहे. घरात सात माणसं. गावाकडचा शेवटचा चार किलोमीटर रस्ता पावसाळ्यात ओढ्यासारखा वाहतो. मोठी गाडी हवी हे खरंच होतं. पण त्याची दुसरी अट मला पटली नाही.

कराडला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. आयटीआय करून हातात पाना घेतला त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. अडीच-तीन लाख किलोमीटर होऊनही इंजिन न खोललेल्या बोलेरो, सुमो, इनोव्हा माझ्याकडं सर्व्हिसिंगला येतात, आणि नव्वद हजारालाच पिस्टनच्या रिंगा गेलेली इंजिनंही मी याच हातांनी खोललीत. हायवेला रोज शंभर किलोमीटर टॉप गिअरमध्ये पळणारी गाडी आणि उसाच्या फडातून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवसभर धापा टाकणारी गाडी, दोघींच्या मीटरवर आकडा सारखाच असू शकतो. आतली झीज सारखी नसते. त्यात एकीचं ऑइल वेळेवर बदललेलं आणि दुसरीचं नुसतं वरून भरत आणलेलं असेल तर बोलायलाच नको. म्हणून मेहुण्याला सांगितलं, "ज्याचा हिशोब मिळतो असे दोन लाख किलोमीटर चालतील. ज्याचा हिशोब नाही असे ऐंशी हजार नकोत."

आधी पैशाचं बोलू. हातात पाच लाख असतील तर गाडी सव्वाचारच्या आत बघा. नावावर करायचा खर्च, इन्शुरन्स, टायर, बॅटरी, सगळी ऑइलं, आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत निघणारं एखादं मोठं काम यासाठी सातवा हिस्सा तरी बाजूला हवाच. पूर्ण पाच लाखांची गाडी घेऊन टायरला पैसे नाहीत म्हणून गुळगुळीत टायरवर कुंभार्ली घाट उतरणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांच्यासोबत गाडीत लेकरं होती.

गाडी कोणती घ्यायची? आमच्या भागात या पैशात खरी निवड चार-पाच गाड्यांतच होते. बोलेरो २००० सालापासून आहे. चॅसीवर, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावर बांधलेली, मागं पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आणि तालुक्याच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात तिचा माल मिळतो. २.५ लिटरचं जुनं इंजिन ६३ हॉर्सपॉवरचं, म्हणजे हायवेला ओव्हरटेक करताना धीर धरावा लागतो, पण चढाला भरलेली गाडी निमूट ओढतं. २०१६ पासून १.५ लिटरचं छोटं इंजिन आलं. त्या गाड्या आता आता बजेटमध्ये यायला लागल्यात. मागचे बाक आडवे असतात, त्यामुळं लांबच्या प्रवासाला सातव्या माणसाचे हाल होतात. स्कॉर्पिओ घ्यायची तर २००८ नंतरचं एमहॉक इंजिनवालीच घ्या. ताकदीला तोड नाही, पण तिचे इंजेक्टर आणि टर्बो निघाले तर खर्च बोलेरोच्या पलीकडचा आहे, आणि बऱ्याच स्कॉर्पिओ तरण्या पोरांनी पिळलेल्या असतात. सुमो गोल्ड स्वस्तात मिळते. उत्पादन २०१९ ला बंद झालं, तरी पार्ट अजून मिळतात. इनोव्हा या सगळ्यांत टिकाऊ, पण म्हणूनच तिची किंमत उतरत नाही, आणि स्वस्तातली इनोव्हा दिसली तर आधी टुरिस्टला चालली होती का ते आरसीवर बघा. डस्टर चालवायला या सगळ्यांपेक्षा गोड आहे. मात्र तिच्या डिझेल इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो बदलल्याचं बिल नसेल तर बेल्टचा खर्च किमतीतून कापूनच बोला, कारण तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिन जातं. जुन्या इनोव्हालाही बेल्टच आहे, तिलाही हाच नियम.

गाडी कुठलीही असो, एअरबॅग आहे असं गृहीत धरू नका. नव्या गाड्यांना ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. त्याआधीच्या गाडीत डोळ्यांनी बघून खात्री करा.

मीटरचा आकडा

डिजिटल मीटर मागं करणं अवघड राहिलेलं नाही. म्हणून आकडा शेवटी वाचायचा, आधी गाडी वाचायची. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा. साठ हजाराच्या गाडीत ते कडेला झिजून गुळगुळीत होत नाही. नवंकोरं असेल तर का बदललं ते विचारा. ड्रायव्हरचा दरवाजा अर्धा उघडून वर उचला. बिजागरी खाल्लेली असेल तर दरवाजा हाताला लटकतो. स्टिअरिंगचं कव्हर काढून खालची चकाकी बघा, ड्रायव्हर सीटचा डाव्या-उजव्या बाजूचा फोम दाबून बघा. टायरवर चार आकडी तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडीचा आकडा पंचेचाळीस हजार आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले, असं असेल तर गणित जुळत नाही. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जात असेल तर मालकाला सोबत घेऊन तिथून जुन्या जॉबकार्डांची यादी मागा.

आम्ही सात गाड्या बघितल्या. सातवी उंब्रजजवळच्या एका निवृत्त गुरुजींची होती. बोलेरो एसएलई, २०१४ चं पासिंग, एमएच ५०, एकच मालक, १,९२,००० किलोमीटर. आकडा ऐकून मेहुणा गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. गुरुजींनी आतून एक दोनशे पानी वही आणली. शाळेत हजेरी मांडावी तसे रकाने आखलेले: तारीख, किलोमीटर, काम, रुपये. जिथं बिल होतं तिथं ते टाचणीनं लावलेलं. ६१,२४० ला ऑइल आणि फिल्टर. १,१४,३०० ला क्लचप्लेट, प्रेशर प्लेट. १,५१,००० ला रेडिएटर. २०२० च्या उन्हाळ्यात चार महिने काहीच नोंद नाही, आणि पुढच्या नोंदीत किलोमीटरही जेमतेम दोनशेनं वाढलेले. लॉकडाऊनमध्ये गाडी उभी होती. खोटी वही लिहिणाऱ्याला अशी मोकळी जागा ठेवायचं सुचत नाही. मी वही मिटली आणि मेहुण्याला म्हणालो, "उतर खाली."

इंजिन थंड असतानाच

बघायला जायचं ते सकाळी, आणि आदल्या दिवशी फोनवर सांगून ठेवायचं की आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गुरुजींच्या बॉनेटवर दव तसंच पडलेलं होतं, बोट फिरवलं तर रेघ उठली. त्याच आठवड्यात दुसरीकडं एकानं आम्ही पोचायच्या आधी गाडी "जरा गरम करून" ठेवली होती. मी सायलेन्सरजवळ हात नेला आणि परत फिरलो. थकलेलं डिझेल इंजिन गरम झाल्यावर गप्प बसतं. त्याची सगळी दुखणी पहाटेच्या पहिल्या स्टार्टला बोलतात.

चालू करायच्या आधी रेडिएटरचं झाकण उघडा. हे फक्त थंड इंजिनावरच करायचं, गरम असताना उघडलं तर तोंड भाजेल. आत हिरवा किंवा गुलाबी कूलंट हवा. तांबूस पाणी दिसलं तर आतून गंज धरलाय. वर तेलाची तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलाय, तिथंच थांबा. मग ऑइलची पट्टी काढा. डिझेलचं ऑइल काळं होतंच, त्याला घाबरू नका. पण दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी मिसळलंय.

आता किल्ली फिरवा, डॅशबोर्डवरची इंजिनाच्या हीटरची खूण विझेपर्यंत थांबा आणि मग स्टार्टर मारा. दोन-तीन फेऱ्यांत इंजिन उठलं पाहिजे. मागं दुसऱ्या माणसाला उभं करा आणि धुराकडं लक्ष द्यायला सांगा. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येऊन मिनिटाभरात जाणार, ते ठीक. पांढरा धूर जातच नसेल तर इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा पाणी यातलं काहीतरी आहे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. ॲक्सिलरेटर दाबल्यावर काळा ढग येत असेल तर एअर फिल्टर, इंजेक्टर, टर्बोचा पाइप, यातलं स्वस्त काम आहे की महाग ते कळल्याशिवाय किंमत बोलू नका.

इंजिन पाच-दहा मिनिटं चाललं की माझी सगळ्यात आवडती तपासणी. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा, काढून तिथंच उलटं ठेवा. गुरुजींच्या गाडीवर झाकण जागच्या जागी थरथरत होतं आणि कडेनं वाफेची बारीक रेघ येत होती. दोन लाखांच्या इंजिनाला एवढं चालतं. हेच झाकण उडून पडत असेल, भोकातून ठोक्याठोक्यानं धूर बाहेर येत असेल, पट्टी आपोआप वर सरकत असेल, तर बॅक कॉम्प्रेशन आहे: रिंगा आणि सिलिंडरचे लायनर संपलेत, आणि इंजिनाचं काम तुमच्या नावावर लिहिलंय. झाकणाची आतली बाजूही बघा. तिथं पिवळट साय जमली असेल तर पाण्याचा पुन्हा विचार करा.

मग गाडीखाली जा. जुने कपडे घालून जा म्हणजे लाज वाटणार नाही. स्वच्छ धुतलेलं इंजिन मला आवडत नाही. गळती कुठं आहे ते धुळीवरच कळतं. ओलसर दिसणं वेगळं आणि थेंब पडणं वेगळं. चॅसीवर दोन्ही बाजूंनी वेल्डिंगच्या रेषा शोधा. कारखान्याचं वेल्डिंग एकसारखं असतं, नंतरचं ढेकळासारखं दिसतं. रत्नागिरी-मालवणच्या बाजूची गाडी असेल तर स्क्रूड्रायव्हरची मूठ चॅसीवर आणि दाराखालच्या पट्टीवर ठोकत जा. टणटण आवाज चांगला, बद्द आवाज आला की आत गंजानं पोखरलंय. बोलेरोचे पाटे एकेक मोजा. गुरुजींच्या गाडीचा डावा तिसरा पाटा तुटलेला होता, आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

चालवून बघताना

गाडीतला रेडिओ बंद, बोलणं बंद. चढाचा रस्ता निवडा. चौथ्या गिअरला कमी वेगावरून ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनाचा आवाज चढतोय पण गाडी वेग घेत नाही, तर क्लचप्लेट घसरतेय. गाडी उताराला तिसऱ्यात सोडा आणि ॲक्सिलरेटर अचानक सोडून द्या, गिअर सुटून न्यूट्रलला येता कामा नये. पन्नास ते सत्तरच्या दरम्यान मागून हुंकार येतो आणि ॲक्सिलरेटर सोडला की त्याचा सूर बदलतो, तो क्राऊनचा, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचा आवाज. गिअर टाकून क्लच सोडताना खालून 'टक्' झालं तर प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, हे स्वस्तातलं काम. रिकाम्या रस्त्यावर हात सैल करून ब्रेक दाबा, गाडी सरळ थांबते का बघा. एसी लावून दहा मिनिटं चढ चढा आणि तापमानाचा काटा न्याहाळा. मधल्या रेषेच्या वर सरकला तर गाडी घेऊ नका.

पुराची गाडी

हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण यात मीच फसलो. २०१९ च्या ऑगस्टला सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं, २०२१ च्या जुलैला महाड-चिपळूण गेलं. त्या पुरातल्या गाड्या धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. २०२२ ला एका विक्रेत्याकडून मी स्वतःसाठी स्कॉर्पिओ घेतली. इंजिन मी तपासलं होतं, आणि इंजिन खरंच चांगलं होतं. आतल्या नव्या सीट कव्हरकडं मात्र मी कौतुकानं बघितलं. तीन महिन्यांनी काचा वर जाईनात, मग मीटर बंद, मग रात्री घाटात हेडलाइट गेले. गालिचा उचलला तेव्हा खाली वाळलेल्या गाळाचा पापुद्रा निघाला. वायरिंगच्या जोडांवर हिरवी बुरशी धरली होती. पूर्ण वायरिंग बदललं तरी ती गाडी पुन्हा विश्वासाची झाली नाही. बायकोला घेऊन रात्री निघायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. शेवटी सगळं सांगून तोट्यात विकली.

म्हणून आता पहिल्यांदा मी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतो. पट्ट्याचा शेवटचा हातभर भाग कुणी धूत नाही. तिथं मातीचा डाग असेल तर पाणी तिथवर आलं होतं. मग सीटच्या खालचे नट, फ्यूज बॉक्सच्या पिना, हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ. काचा बंद करून दोन मिनिटं आत बसा आणि वास घ्या. सुगंधी डबी लावलेली असेल तर ती आधी बाहेर काढा.

इन्शुरन्सच्या कागदावरही एक गोष्ट लपलेली असते. नो क्लेम बोनस ५० टक्के असेल तर त्या मालकानं सलग पाच वर्षं तरी क्लेम केलेला नाही. शून्य असेल तर विचारा, काय झालं होतं. हा बोनस मालकाचा असतो, गाडीसोबत तुम्हाला मिळत नाही, त्यामुळं तुमचा हप्ता जास्त येईल हेही धरून चाला.

कागद

एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की पासिंगची तारीख, इन्शुरन्स, पीयूसी आणि बँकेचा बोजा दिसतो. थकलेली ई-चलनं वेगळी बघा आणि ती भरल्यावरच पुढं जा. आरसीवर बँकेचं नाव असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही तुमच्यासमोर व्हावी. चॅसीवर ठोकलेला नंबर आरसीशी स्वतः पडताळा. घासलेला दिसला तर तिथून निघा.

खासगी गाडीचं पासिंग १५ वर्षांचं. २०१० ची गाडी स्वस्त दिसते त्याचं कारण हेच: पुन्हा तपासणी, पर्यावरण कर, आणि २०२२ पासून मोटारीला पाच हजार झालेली नूतनीकरणाची फी. २०१४ चं पासिंग म्हणजे २०२९ पर्यंत निश्चिंती. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी आल्यावर तिकडच्या गाड्या इकडं स्वस्तात यायला लागल्या. त्यांना तिथली एनओसी लागते आणि इथला टॅक्स नव्यानं भरावा लागतो. तो धरला की स्वस्ताई फारशी उरत नाही.

एजंट म्हणतात, "टीटी (ट्रान्सफर) फॉर्मवर सही आहे, नावावर नंतर करा." करू नका. तीस दिवसांच्या आत अर्ज द्यायचा असतो. गाडी विकणाऱ्यालाही हे समजावून सांगा, कारण सर्वोच्च न्यायालयानं २०१८ ला स्पष्ट केलंय की अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ कागदावर लिहून दोघांनी सह्या करायच्या. इसार दिला तर त्याचीही पावती, गाडीच्या नंबरासकट.

भाव करताना गाडीला नावं ठेवू नका. गुरुजींनी चार लाख साठ हजार सांगितले होते. मी त्यांच्याच वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलनं लिहीत गेलो: पाट्याचा सेट, २०१७ सालचे दोन टायर, बॅटरी, पुढचे बुश, मागच्या ऑइल सीलला ओल. बेरीज अडतीस हजारांच्या आसपास आली. त्यांनी चष्मा लावून बेरीज तपासली आणि म्हणाले, "बरोबर आहे. पण सीलचं काम लगेच नाही लागणार." चार पंचवीसला सौदा ठरला. पैसे बँकेतून दिले, आणि गुरुजींनी त्यांचा फास्टॅग त्याच संध्याकाळी बंद केला.

गाडी आणल्या आणल्या काय करायचं ते सांगतो. जुना मालक कितीही चांगला असला तरी इंजिन, गिअरबॉक्स आणि क्राऊन तिन्हींचं ऑइल बदला, तिन्ही फिल्टर नवे टाका, कूलंट पूर्ण काढून नवा भरा, फॅनबेल्ट आणि रेडिएटरचे पाइप हाताने दाबून भेगा बघा, ब्रेक ऑइल बदला, डिझेलच्या फिल्टरमधलं पाणी काढा. मेहुण्यानं दोन दिवस गॅरेजवर थांबून हे सगळं माझ्यासोबत केलं. शेवटी हात पुसून त्यानं गुरुजींची वही उघडली आणि पुढच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात १,९२,३१० लिहिलं. पाचशे किलोमीटर झाले की गाडी परत आण, असं त्याला बजावलं होतं. आला तेव्हा खाली पुठ्ठा टाकून रात्रभर उभी केली. सकाळी पुठ्ठ्यावर ऑइल सीलच्या जागी रुपयाएवढा एक डाग होता, बाकी कोरा.